उजवा कौल

"आपण विठ्ठल पिलणकरांचे बंधू का?"

पडावातून धक्क्यावर पाय ठेवता ठेवता एका पोराने विचारलं, आणि तिकिटं गोळा करणारा काशीरामचा हात क्षणभर तसाच पुढे राहिला. पोरगा मुंबईचा होता. अंगात कॉलेजचा बिल्ला शिवलेलं जाकीट, केस मागे फिरवलेले, आगबोटीने रात्रभर ढवळून काढलं असूनही तोंडावर हसू. काशीराम म्हणाला, "होय." "वाटलंच मला. चेहरा अगदी तसाच आहे. आम्ही सगळे त्यांचीच शर्यत बघायला आलो आहोत," असं म्हणून पोराने तिकीट दिलं, वर नमस्कारही केला, आणि वळकटी सावरत तो आपल्या घोळक्यात मिसळून गेला. झालं ते एवढंच. पस्तीस सालच्या नाताळची सुटी होती, बोट खच्चून भरून आली होती, पडावामागून पडाव धक्क्याला लागत होते, हमाल ओरडत होते, कुणा बाईची कोंबडी टोपलीतून सुटून उतारूंच्या पायांत फिरत होती. काशीरामकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. पण त्याला वाटलं, भर बंदरात कोणीतरी आपल्या कानाखाली वाजवली आहे.

चेहरा अगदी तसाच. आता विठू त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. म्हणजे चेहरा कोणाचा कोणासारखा? थोरल्याचं नाक धाकट्यासारखं असतं, असं कुठल्या शाळेत शिकवतात? अख्ख्या रत्नागिरीत विठूला नाव म्हणून नव्हतं. तो "काशीरामचा धाकटा" होता. बाजारात, शाळेत, मांडवीच्या पुळणीवर, कुठेही गेला तरी लोक म्हणायचे, हा काशीरामचा धाकटा, ह्याला जरा बरा मासा द्या. कारण काशीराम पिलणकर म्हणजे कोण, हे तेव्हा सांगावं लागत नव्हतं. हायस्कुलातून शर्यतीला उतरला की बाकीची पोरं दुसऱ्या नंबरासाठी पळायची. अनवाणी पळायचा. एकदा तर भाट्याच्या वाळूवर पळताना त्याच्या पायात शिंपला घुसला होता आणि तो त्याला शर्यत संपल्यावर, रक्त बघून कळला. हेडमास्तरांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, पिलणकर, मॅट्रिक हो, मुंबईची कॉलेजं तुला डोक्यावर घेऊन नाचतील. तो मॅट्रिक झाला. पण त्याच साली बापूस तापाने गेला. मचव्यावरचा तांडेल माणूस, समुद्राने कधी केसाला धक्का लावला नाही आणि घरच्या खाटेवर गेला. मग कसली मुंबई आणि कसलं कॉलेज? काशीराम आगबोटीच्या एजंटाकडे कारकून म्हणून चिकटला. विठूला त्याने शिकवलं, आणि लोक त्याला थोर म्हणू लागले. भाऊ असावा तर असा, असं म्हणू लागले. थोरपणा ही मोठी सोयीची वस्तू आहे. एकदा कोणाच्या गळ्यात घातली, की पोटात काय शिजतंय ते त्याला विचारावं लागत नाही.

आणि तसं पोटात काही शिजत होतं असंही नव्हतं. हे खरं सांगितलं पाहिजे. धक्क्यावरच्या त्या सकाळपर्यंत काशीराम हा विठूच्या पळण्याचा रत्नागिरीतला पहिल्या नंबरचा शौकीन होता. मुंबईचं वर्तमानपत्र बोटीने आलं की बाकीचे सोन्याचा भाव बघत, हा कॉलेजांच्या शर्यतींचा निकाल शोधी. अर्ध्या मैलाला पुण्याचा लांबटांग्या गडी कसा शेवटच्या वळणावर सुटतो, कोल्हापूरचा कसा आधीच दम घालवून बसतो, हे त्याला पाठ होतं, आणि धक्क्यावरचे हमाल, भंडारी, दाल्दी, सगळे त्याच्याकडून ऐकून ऐकून जाणते झाले होते. या वर्षी गावातल्या वकील मंडळींनी खटपट करून कॉलेजांच्या अजिंक्यपदाच्या शर्यती मुंबई-पुणे सोडून रत्नागिरीला आणल्या, तेव्हा काशीरामला रात्री झोप आली नव्हती. वाडीच्या वरच्या अंगाला, सड्याच्या उघड्या पठारावर मैदान करायला घेतलं. कातळावर तांबडी माती पसरली, पाणी मारलं, दगडी रूळ फिरवला. रोज संध्याकाळी पेढी सुटली की हा तिथे हजर. वळणावरचे चुरमुऱ्याएवढे खडेसुद्धा त्याने वेचून काढले होते, गुडघ्यांवर बसून. विठूच्या पायात बोचू नयेत म्हणून. तेव्हा त्याला कोणी विचारलं असतं, तर विठू जिंको म्हणून त्याने बोटसुद्धा कापून दिलं असतं. पण सगळं लांब होतं तोवर सोपं होतं. विठू वर्तमानपत्रात पळत होता. आता तो इथे, ह्याच मातीवर, ह्याच माणसांसमोर पळणार होता. ही माणसं काशीरामची होती.

त्या संध्याकाळी घरी आला तर पडवीत सोनूबाई, काशीरामची आई, दिव्याची काच पुसत बसली होती, आणि आत त्याची बायको कमळा चुलीपाशी. विठू आधल्या बोटीने आलेला. तो मागच्या दारी पायांना तेल चोळीत होता. कमळेने दोघांना पानं वाढली. भात, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. मातीच्या बोळक्यातलं साजूक तूप तिने विठूच्या भातावर ओतलं, आणि बोळकं परत झाकून ठेवलं. "भावजींना उद्या पळायचं हाय," ती म्हणाली, कोणी काही विचारलेलं नसताना. काशीराम म्हणाला, "व्हय, व्हय." त्याला तूप नको होतं. तुपाने त्याला ढेकर येत असत. पण एके काळी ह्याच घरात पेजेच्या तळची घट्ट शितं त्याच्या वाडग्यात पडायची आणि विठूच्या वाट्याला निवळ यायची, आणि विठू त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, उलट दादा पळतो म्हणून सगळ्यांना सांगत सुटायचा. त्या पोराला तेव्हा काय वाटत असेल? हा प्रश्न इतक्या वर्षांत काशीरामला पहिल्यांदाच पडला, आणि तो त्याला मुळीच आवडला नाही. विठू आपला भात कालवत होता आणि आमचे सर असं म्हणतात, आमचे सर तसं म्हणतात, असं काहीबाही सांगत होता. सर म्हणतात, श्वास नाकाने घ्यायचा. सर म्हणतात, पहिल्या फेरीत पुढे जाणारा मूर्ख.

"आनि टाच?" काशीरामने विचारलं. "टाचेचं काय म्हनतात तुजे सर?"

पुळणीवर त्याने विठूला पळायला शिकवलं होतं. ओहोटीच्या ओल्या वाळूवर. तो पुढे, विठू मागे, आणि परत येताना दोघांची पावलं बघायची. टाच उमटली तर त्या दिवशीचं पळणं फुकट. चवड्यावर पळायचं, वाळूला कळता कामा नये की कोण गेलं. सात-आठ वर्षांचं ते पोर आपली पावलं वाकून वाकून बघायचं आणि टाच दिसली की रडकुंडीला यायचं. ही गोष्ट दोघांची होती, तिसऱ्याची नव्हती.

विठू हसला. वाईट हसला असंही नाही. "ता आता जुना झाला, दादा. लांब पल्ल्याला टाच थोडी टेकायचीच. नायतर पोटऱ्या भरतात. सरांनी मला पयल्यांदा सगळा इसरायला लावला नि मग नवा शिकवला."

"असंल," काशीराम म्हणाला. त्याने सोलकढीची वाटी तोंडाला लावली ती बराच वेळ काढली नाही. सगळं विसरायला लावलं. पुळण, ओहोटी, पावलं, सगळं. आपल्या जागी कोणी दुसरा आला आहे, इतकंच नव्हे, तर त्याने आपली जागा आधी झाडून साफ केली आहे, आणि पोराने त्याला केरसुणी दिली आहे. मग विठूने पिशवीतून खिळ्यांचे बूट काढून दाखवले. तळव्याला सहा-सहा अणकुच्या. सोनूबाईने भीतभीत बोट लावून बघितलं, कमळा म्हणाली, "बाय गो, ह्ये पायात घालतात काय मारतात कोनाला?" आणि सगळे हसले. काशीरामही हसला. बूट हातात घेऊन त्याने चामड्यावरून अंगठा फिरवला, आणि त्या मऊ चामड्याचा त्याला असा काही राग आला, की तो त्याचा त्यालाच भिऊन गेला.

सकाळी सोनूबाईने त्याच्या हातात नारळ ठेवला. "जुगाईला जा. कौल लाव पोराचा." विठू आरशासमोर दाढी करीत होता. तो मुंबईला शिकलेला, त्याने हसून नको म्हणायला हवं होतं. त्याने वस्तरा थांबवला आणि आरशातूनच म्हणाला, "जाऊन ये, दादा." आवाज लहानपणचा होता. पोर घाबरलेलं होतं. एरवी ते काशीरामला कळलं असतं आणि त्याचं काळीज हललं असतं. आज त्याला एवढंच दिसलं, की हे एक काम तरी अजून आपल्याशिवाय होत नाही. घरासाठी कौल मागायचा तो घरच्या कर्त्याने, ही वाडीची रीत. सर येवोत नाहीतर त्यांचे बाप येवोत, जुगाईसमोर पिलणकरांच्या घरातून उभा राहणार तो काशीराम. बहिणीचं लग्न ठरवताना तो उभा राहिला होता, विहिरीला जागा धरताना राहिला होता, विठूला मुंबईला धाडू का म्हणून विचारायलाही तोच राहिला होता. त्या वेळी देवीने चटकन उजवा दिला होता आणि तो धावत घरी सांगायला आला होता, खरोखरच धावत. स्वतःसाठी मात्र त्याने कधी पाकळी लावली नव्हती. काय विचारायचं? बोटीची तिकिटं फाडू का?

देवळात भिकाजी गुरव एकटाच होता. त्याने नारळ घेतला, देवीला पाणी घातलं, आणि तांबड्या फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. "मनात धर," भिकाजी म्हणाला, "मी गाराना घालतंय." आणि हात जोडून त्याने आपला तो खर्जातला आवाज लावला. "आये जुगाई, ह्ये पिलनकराचा लेकरू तुज्या दारात उभा हाय. ह्याचा धाकटा भाव आज सड्यावर पलायला उतरतोय. त्येला यश दे, चार जनांच्या फुडं काढ, वाडीचा नाव ऱ्हाव दे. देनार असशील तर उजवा दे. व्हय म्हाराजा?" "व्हय म्हाराजा," काशीराम म्हणाला. तोंडाने म्हणाला. गाभाऱ्यात तेलाचा आणि वटवाघळांचा वास होता, पायांखालची फरशी गार होती, आणि मनात धरायचं ते त्याने धरलेलंच होतं, विठूला यश दे. पण त्या शब्दांच्या खालून, विहिरीत बुडबुडा वर यावा तसं दुसरंच काही वर आलं. आई, हरू दे त्याला. एकदाच. इथे, माझ्या गावात, ह्या लोकांसमोर एकदा हरू दे. मग जन्मभर जिंकू दे. देणार असशील तर... आणि हे पुरतं मनात उमटायच्या आत देवीच्या उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि खाली पडली.

"दिलान!" भिकाजीने टाळी वाजवली. "उजवा दिलान! बग कशी झटक्यान दिलान! जा, पोराला सांग, डोळं मिटून पल म्हनावं."

काशीराम पायऱ्या उतरला. कुणाला दिला उजवा? भिकाजीच्या तोंडाला की आपल्या मनाला? देवी तोंडाचं ऐकते असं कोणी म्हणत नाही. मनात धर, असंच गुरव म्हणतो, पिढ्यानपिढ्या म्हणतो. मनात तर हे होतं. म्हणजे विठू हरणार. आपण मागितलं आणि आईने झटक्यात दिलं. जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, तर ते हे. त्याला घाम फुटला, आणि लाजेची गोष्ट ही, की त्या घामात खाली कुठेतरी थोडी उकळीही होती. वाटेत त्याने ठरवलं, परत जाऊन दुसऱ्यांदा लावावा. पण एका गोष्टीला दोनदा कौल लावत नाहीत, देवीचा कोप होतो. भिकाजीला काय सांगणार? की बाबा, माझ्या मनात घाण होती, पाकळ्या धुऊन लाव? मग ठरवलं, घरी जाऊन सरळ उजवा दिला म्हणून सांगावं. ते खोटंही नव्हतं. पण पडवीत विठू उभाच होता, अर्धी दाढी पुसलेली, आणि मागे दारात सोनूबाई.

"काय दिलान, दादा?"

काशीरामने वहाणा काढल्या. एक उलटी पडली होती, ती सुलटी करून ठेवली. "कौलाचं काय घेऊन बसलास?" तो म्हणाला. "तू आपला पल."

बस्स. खोटं एक अक्षर बोलला नाही. पण कोकणातल्या माणसाला डावा कौल असाच सांगतात, हे त्यालाही ठाऊक होतं आणि ऐकणाऱ्या दोघांनाही. सोनूबाई आत गेली. विठूच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरला, आणि तो उतरताना काशीरामने पाहिला. बघायचं नव्हतं तरी पाहिला, पुरता पाहिला, आणि त्या क्षणी जे सुख त्याला झालं तसं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. लगेच त्याच्या तोंडाला कडू पाणी सुटलं. कमळा पेज घेऊन आली होती. ती आज त्याच्यासाठीही घट्ट होती, वर तूप होतं. त्याला एक घोटही गेला नाही.

दुपारी सड्यावर जत्रा लोटली होती. फक्कीने आखलेल्या पांढऱ्या रेघा उन्हात डोळ्यांना बोचत होत्या. एका बाजूला मंडप, त्यात मामलेदार, वकील, प्रोफेसर. बाकी गाव दोरीबाहेर, दगडी गडग्यांवर, आंब्यांवर. काशीराम दोरीपाशी आपली जागा धरून होता, पण छातीला फीत लावलेला एक स्वयंसेवक आला आणि त्याला ओढूनच घेऊन गेला. "तुम्ही इथे कसे? पिलणकरांचे बंधू ना तुम्ही? चला, पुढे खुर्ची आहे." दिवसभरात हे किती वेळा ऐकलं कोण जाणे. खुर्ची मऊ बैठकीची होती, कोर्टातून आणलेली. शेजारी एक जाडगेले गृहस्थ बसले होते, ते सारखे त्याला विचारत होते, तुमचे बंधू काय खातात, किती वाजता उठतात, आणि तो उत्तरं देत होता. नाचणी खातो. पहाटे उठतो. मी पण पळायचो, असं त्याच्या जिभेच्या टोकावर दोनदा आलं. दोनदा त्याने ते गिळलं. ह्या वयात, हे पोट घेऊन, असलं काही सांगणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात ते त्याने धक्क्यावर बघितलं होतं. उंच उड्या झाल्या, गोळाफेक झाली, शंभर यार्ड कोणीतरी जिंकलं. त्याला काही दिसलं नाही. लांब, दोरीच्या पलीकडे, भिकाजी गुरव डोक्याला फडकं गुंडाळून चारचौघांशी हातवारे करीत बोलत होता, आणि काशीराम त्याच्यावरून नजर काढीना. मग भिकाजी दिसेनासा झाला आणि अर्ध्या मैलाचा पुकारा झाला.

विठू रेघेवर आला. पांढरी चड्डी, निळी बंडी, पायांत ते बूट. वाकायच्या आधी त्याने मान वळवली आणि मंडपात कोणालातरी शोधलं. काशीराम दिसल्यावर तो थांबला. टक लावून बघितलं त्याने. त्या नजरेत भीती असेल असं काशीरामला वाटलं होतं. भीती नव्हती. काय होतं ते उन्हामुळे नीट कळलं नाही, आणि बंदुकीचा बार झाला. पुण्याचा लांबटांग्या पहिल्यापासून पुढे निघाला. पहिल्या फेरीला विठू चौथा, कदाचित पाचवा. हरतोय. आई, तू दिलंस. काशीराम खुर्चीच्या कडेवर आला. त्याच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, कोटाच्या आत पाठीवरून घाम वाहत होता, आणि श्वास तो घेत होता तोंडाने, सरांना न विचारता. दुसऱ्या फेरीला घोळका समोरून गेला तेव्हा खिळ्यांनी उडवलेली तांबडी माती मंडपापर्यंत आली. ती त्याची माती होती, वळणावर वेचून साफ केलेली. विठू अजून चौथाच. तोंड वेडंवाकडं झालं होतं, मान एका बाजूला गेली होती, आणि काशीरामने ते ओळखलं. दमला की विठूची मान अशीच जायची, लहानपणी, पुळणीवर, आणि तो मागे वळून ओरडायचा, मान सरळ, मान सरळ धर रे! अजून हे शिल्लक होतं. सरांना हे काढता आलं नव्हतं. हरेल बिचारं. आपण हरवलं त्याला. आणि त्याच वेळी, हरू दे, हरू दे, असंही चाललंच होतं, दोन्ही एकदम, एकाच छातीत, आणि कोणतं खरं ते त्याला सांगता आलं नसतं.

शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा विठू वळणावर बाहेरच्या अंगाने निघाला. एकाला मागे टाकलं. दोरीपलीकडून कोणीतरी ओरडलं, पिलणकर! मग दुसरा, मग अख्खा सडा. पिलणकर! पिलणकर! गडग्यांवरची पोरं नाचायला लागली. हे नाव, ही माणसं, हाच गळा काढून ओरडणं, काशीरामने आधी ऐकलेलं होतं. अनवाणी पायांखाली वाळू सरकायची आणि कानात हेच. त्याच्या पायाला टाच उचलल्याचं कळलं. पिलणकर! आणखी एक मागे पडला. समोर आता एकटा लांबटांग्या, आणि काशीराम त्याच्या खांद्याशी आला, त्याचा घामट वास त्याला आला, आणि तो ओरडला, "मान! मान सरल धर, इठ्या! मान सरल!" स्वतःचाच आवाज ऐकून तो भानावर आला. तो कोर्टाच्या खुर्चीवर उभा होता. वहाणा घालून, मऊ बैठकीवर. शेजारचे गृहस्थ त्याचा कोट धरून त्याला सावरत होते, आणि पलीकडे विठू छातीने फीत तोडून चार पावलं पुढे जाऊन मातीत पडला होता.

मग सगळी झुंबड. कोणी काशीरामला मिठी मारली, कोणी त्याची टोपी उडवली. विठूला खांद्यांवर घेतलं, ढाल दिली, प्रोफेसर बोलले, मामलेदार बोलले. काशीराम उभा होता आणि त्याच्या अंगातून एकेक गोष्ट उतरत होती. देवीने तोंडाचं ऐकलं होतं. मनाचं ऐकलं नव्हतं. आई, तू शहाणी. त्याला रडू येईल असं वाटलं, हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाच्या मागोमाग, जित्याची खोड म्हणावी तशी, ती जुनी कळ पुन्हा आली. जिंकला. इथेही जिंकला. एवढ्यात गर्दीतून भिकाजी गुरव आला, घामाघूम, दात काढीत. "काय रं काशीराम, लबाडा! उजवा दिलान त्यो पोराला सांगितलास नाय? मी मगाशी इच्यारलाय त्येला, कौल ऐकून निजलास काय दुपारचा, तर तोंड बघ त्येचा! म्हंजे कायच ठावं नाय! मीच सांगितलाय मग. बराबर केलास पन. उजवा कळला असता तर पोर ढिला पडला असता." आणि तो सगळ्यांना सांगत सुटला. ही युक्ती लोकांना फार पसंत पडली. थोरला म्हणतात तो असा, पोराला फुगू दिलं नाही, आधी त्याग केला आणि आता बघा हे डोकं. शेजारचे जाडगेले गृहस्थ म्हणाले, "खरे गुरू तुम्हीच." विठू लोकांच्या खांद्यांवरून खाली उतरला होता. तो जवळ आला, सगळ्यांदेखत वाकून काशीरामच्या पाया पडला आणि म्हणाला, "ह्यानंच मला पळायला शिकवलान." टाळ्या पडल्या. काशीरामने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस ओले आणि गरम होते. रेघेवरून वळून बघणारा तो चेहरा आता त्याला समजला. बार व्हायच्या आधीच पोराला सगळं ठाऊक होतं.

घरी निघायला तिन्हीसांजा झाल्या. मुंबईची पोरं विठूला सोडीनात, पण तो म्हणाला, आवस वाट बघत असेल, आणि दोघंच निघाले. ढाल विठूच्या काखेत, बूट काशीरामच्या हातात. ते बूट त्याने मागून घेतले होते. सड्यावरून खाली वाडीत उतरायला पाखाडी आहे, चिऱ्याच्या पायऱ्यांची, दोन्हीकडे गडगे, एका वेळी एकच माणूस जाईल इतकी अरुंद. खाली समुद्र काळा पडत चालला होता आणि घराघरांत दिवे लागत होते. काशीराम वाट बघत होता, की हा आता विचारेल, का नाही सांगितलंस? त्याने उत्तर तयार ठेवलं होतं. तेच उत्तर, जे सड्यावरच्या सगळ्यांनी त्याच्या हातात आयतं ठेवलं होतं. तू ढिला पडू नयेस म्हणून रे. ते इतकं चांगलं होतं, की थोड्या दिवसांनी त्याचं त्यालाही खरं वाटलं असतं. विठूने विचारलं नाही. पाखाडीच्या तोंडाशी तो थांबला, ढाल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली, आणि समुद्राकडे बघत म्हणाला,

"फुडल्या येळेला कौल माजा मी लावीन, दादा. तू नको जाऊस."

आवाजात राग नव्हता. राग असता तर काशीरामला भांडता आलं असतं, मी तुझ्यासाठी काय केलं ते सांगता आलं असतं. तो मऊ होता, आजारी माणसाला जड वस्तू उचलू नको म्हणावं तसा. "बरं," काशीराम म्हणाला. लहानपणापासूनच्या सवयीने तो पहिल्या पायरीवर पाय ठेवून पुढे झाला होता. मग त्याने तो पाय मागे घेतला, गडग्याला पाठ लावून अंग चोरलं, आणि विठूला वाट दिली.